चारही चाकं सारखीच गरम

साबणवाला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाला, आणि त्याला शिकवणारी मास्तरीण परीक्षेच्या मैदानावर, भर सकाळी, प्लॅस्टिकच्या एका केशरी शंकूला धरून रडली.

हे वाक्य चुकून आधी आलं. कुणी वाचलं असेल तर त्यांनी ते वाचलेलं नाही असं समजावं. साबणवाला अजून पास झालेला नाही, मास्तरीण अजून रडलेली नाही, शंकू आपापल्या जागी उभे आहेत. इतकंच काय, हे दोघं अजून एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

पाऊस भुरभुरत होता. मास्तरणीनं मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी बसथांब्यापाशी लावली होती आणि ती शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून एका नव्या विद्यार्थ्याची वाट बघत होती. विद्यार्थी पुरुष आहे, उंच आहे आणि वेळेवर येईल, एवढं मामानं सांगितलं होतं. यातलं तिसरं मामा सगळ्यांबद्दलच सांगायचा.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि एक उंच, भिजलेला माणूस आत येऊन बसला.

"सॉरी," तो म्हणाला. "जरा पाऊस…"

"पट्टा लावा," मास्तरीण म्हणाली. "आरसा बघा. डाव्या पायाखाली क्लच."

"नाही, म्हणजे मी…"

"घाबरायचं नाही. घाबरणारी माणसंच पुढे नीट चालवतात. मधला ब्रेक. तसाच एक ब्रेक माझ्याही पायाशी आहे, तेव्हा तुम्ही काहीही केलंत तरी गाडी थांबेल. फिरवा किल्ली."

आता हा माणूस इतका भिडस्त होता की एकदा दवाखान्यात दुसऱ्याच कुणाच्या नावाची हाक आली तेव्हा तो 'हो' म्हणाला होता, आणि आपला एक धडधाकट दात देऊन घरी आला होता. त्यानं किल्ली फिरवली.

गाडी आचके देत, पहिल्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत साबणाच्या कारखान्यापर्यंत गेली. तिथं तो म्हणाला, "मला इथं उतरायचं होतं."

"का?"

"मी इथं कामाला आहे. मी तुमचा विद्यार्थी नाही. पाऊस होता म्हणून आत आलो."

"मग गाडी का चालवलीत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

 ती शिकवायला लागल्यापासून 'तुम्ही सांगितलंत म्हणून' असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. तो खाली उतरला, दार हळूच लावलं, वाकून खिडकीतून म्हणाला, "पण मजा आली हं," आणि फाटकातून आत गेला. खरा विद्यार्थी तेव्हा बसथांब्यावर भिजत उभा होता. त्यानं नंतर पोहायला शिकायचं ठरवलं.

आठवड्याभरानं साबणवाला शिकाऊ परवाना काढून स्कूलच्या दारात हजर झाला.

साबणाच्या कारखान्यात तो वास घ्यायच्या कामाला होता. साबणाचा जो घाणा निघेल त्यातली एक वडी त्याच्या नाकाखाली धरायची. तो 'हं' म्हणाला की माल बाहेर; 'अं' म्हणाला की माल परत कढईत. 'हं' आणि 'अं' यांतला फरक कारखान्यात फक्त दोन जणांना कळायचा, आणि त्यांतला एक निवृत्त झाला होता. त्यामुळे हल्ली बराच माल अंदाजानंच बाहेर जात असे.

कामाचं नाक म्हणून त्याला अत्तर नाही, तेल नाही, वासाची पावडर नाही. त्याच्या अंगाला कसलाही वास येत नसे. मास्तरणीला याची आधी गंमत वाटली, मग सवय झाली, आणि मग दुसरी कुठलीही माणसं जवळ आली की तिला गर्दी झाल्यासारखं वाटायला लागलं. पहिल्याच आठवड्यात तिनं आरशाला टांगलेलं सुगंधी पुठ्ठ्याचं झाड काढून टाकलं. मामाला म्हणाली, त्यामुळे विद्यार्थ्याला आरशातलं नीट दिसत नाही. हे खोटं नव्हतं. फक्त हा विद्यार्थी आरशात बघायचा तेव्हा त्याला मागचा रस्ता दिसत असेल, असा आरशाचा कोन नव्हता.

"मागून कोण येतंय?" ती विचारायची.

"कुणी नाही."

"ट्रक येतोय."

"हो… ट्रक आहे खरा."

ती शिकवत राहिली, तो शिकत राहिला. चौक, वळण, गाडी मागे घेणं, दोन गाड्यांच्या मधे गाडी लावणं. घाटात ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे ती सगळ्यांना सांगायची. इतर विद्यार्थी 'बरं' म्हणायचे. साबणवाला एकदा मनातल्या मनात परत म्हणून बघायचा, ओठ हलायचे. ते हलणारे ओठ बघायला तिनं तो नियम त्याला गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितला.

मग एक दिवस बाजाराच्या रस्त्यावर, गाडी अगदी सरळ चाललेली असताना, तो म्हणाला, "घाटापलीकडे आमची नवी शाखा निघतेय. तिथं नाक हवंय. मला विचारलंय."

"छान," मास्तरीण म्हणाली.

"कंपनी गाडी देणार. पण पक्का परवाना याच महिन्यात हातात पाहिजे. नाहीतर दुसऱ्या कारखान्यातलं एक नाक तयारच आहे."

"अभिनंदन," मास्तरीण म्हणाली, आणि गाडी मधेच गपकन थांबली.

"काय झालं?"

"मांजर होतं."

"कुठं?"

"गेलं."

साबणवाल्यानं रस्त्याकडे बघितलं. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. तो भिडस्त असल्यामुळे त्यानं मांजर मान्य केलं.

परीक्षेचं मैदान घाटमाथ्यावर होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळीच दोघं निघाले. तो चालवायला, ती शेजारी. मास्तरणीच्या गल्लीत नळासाठी रस्ता खणला होता, त्या पिवळ्या चिखलातून ती गाडीपर्यंत आली होती आणि बूट झटकायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तशी ती व्यवस्थित होती. पण आज तिचं लक्ष नव्हतं, आणि लक्ष कुठं आहे हे विचारणारं गाडीत कुणी नव्हतं.

घाट सुरू झाला. साबणवाला सुंदर चालवत होता. गिअर असा बदलायचा की पुढच्या कप्प्यातलं पेनसुद्धा हलायचं नाही. चार वळणं झाली तरी तिला एकदाही 'अहो' म्हणावं लागलं नाही. आपण शिकवलेला माणूस असा चालवतोय याचा तिला अभिमान वाटत होता. अभिमानाचं असं असतं की तो छातीत यायला हवा. तिचा का कोण जाणे घशात आला होता.

"मॅडम," तो म्हणाला. "जळका वास येतोय."

तिनं नाक वर केलं. तिचं नाक साधं, घरगुती होतं. त्याला फक्त 'काहीतरी' कळलं.

"जळका म्हणजे कसा? नीट सांगा. रबर, तेल, प्लॅस्टिक, कागद?"

त्यानं रस्त्यावरची नजर न काढता एक छोटा श्वास घेतला. कारखान्यात घेतो तसा.

"वरचा थर… कुणीतरी ओली चप्पल इस्त्री करतंय. मधे पाटीवरची पेन्सिल तव्यावर टाकल्यासारखं. तळाला लोखंड."

"अजून?"

"अजून एक आहे. पण तो जळका नाही."

"कसला आहे?"

"तो तपासाशी संबंधित नाही."

"सगळं सांगायचं असतं. बिघाड लपवला की वाढतो."

"बिघाड नाही हो तो. मागच्या सीटवर कुणी नाही आणि मला तर वास नसतो… आता उरलं कोण, ते बघा. मी वगळलाय तो."

मास्तरणीनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दरडीशिवाय काही नव्हतं. दरड तिनं बराच वेळ बघितली.

"आधी," ती घसा साफ करून म्हणाली, "वास आपला आहे की दुसऱ्याचा ते ठरवायचं. घाटात निम्मे वास पुढच्या गाडीचे असतात. काचा वर. बाहेरची हवा बंद."

काचा वर गेल्या. पुढे धूर सोडत चाललेला एक टेम्पो होता, तो डावीकडे वळून गेला. वास राहिला.

"आपला आहे," साबणवाला म्हणाला. एका शब्दासाठी त्याचा आवाज थोडा हलला.

"गाडीचा आहे," मास्तरीण म्हणाली. "हँडब्रेक?"

"खाली."

"पूर्ण खाली? दिवा?"

"दिवा नाही."

"इंजिनाचा काटा?"

"मधोमध."

"म्हणजे पाणी आहे, इंजिन तापलेलं नाही. आता पंखा बंद करा. रेडिओ बंद."

"रेडिओ बंदच आहे. तुम्ही बोलत होतात ना."

"वायर जळत असेल तर प्लॅस्टिकचा वास आला असता. उग्र, डोळ्यांत जाणारा."

"तसा नाहीये. डोळ्यांत दुसरंच काहीतरी जातंय."

"रस्त्याकडे बघा."

"रस्त्याकडेच बघतोय. म्हणून तर एवढ्यावर भागतंय."

तिनं न हसण्यासाठी गालाला आतून दात लावला. मग क्लचचा नंबर आला. शिकाऊ माणसाचा पाय क्लचवर रेंगाळतो आणि क्लच जळतो. हे तिच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं दुखणं. तिनं विचारलं, "डावा पाय कुठं आहे?"

"जमिनीवर."

"क्लचवर टेकलेला नाही?"

"शपथ."

"मग ॲक्सिलरेटर द्या जरा. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जात नाही, असं होतंय का?"

त्यानं दिला. इंजिन ओरडलं नाही. गाडी गेली, पण नाइलाज झाल्यासारखी गेली.

"क्लच नाही," ती म्हणाली. "पण गाडी ओढत का नाहीये?"

"तिला जायचं नाही वाटतं."

"गाडीला मन नसतं."

"मग कुणाचं मन असेल ते चालवतंय," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच या वाक्याचा अर्थ कळला नाही. तो गिअर बदलण्यात गुंतला.

मागून हॉर्न वाजला. मोठा, लांबलचक. एक ट्रक कधीपासून मागे होता. रस्ता जरा रुंद झाल्यावर तो शेजारी आला, आणि ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून अगदी शांतपणे, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हटलं, "ओ ताई, तुमचे मागचे लाल दिवे घाटाच्या पायथ्यापासून पेटलेले आहेत. थांबायचं असेल तर थांबा, जायचं असेल तर जा. माणसानं काहीतरी एक ठरवावं."

ट्रक निघून गेला.

"ब्रेकचे दिवे," मास्तरीण म्हणाली. "ब्रेकच आहे. पुढे सपाट जागा आहे, तिथं ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेकला अजिबात हात… पाय लावू नका. बघू आपोआप किती जाते."

सपाट जागा आली. त्यानं पाय सोडला. मोकळी गाडी असल्या रस्त्यावर चांगली दूरवर घरंगळत जाते. ही चिखलात रुतल्यासारखी, चार पावलांवर, मुकाट्यानं उभी राहिली.

दोघं उतरले. बाहेर गार वारं होतं आणि त्यात वास आता तिच्या घरगुती नाकालाही स्वच्छ कळत होता. चाकांच्या जाळीतून बारीक धूर निघत होता. साबणवाल्यानं पाण्याची बाटली आणली आणि झाकण उघडलं.

"ओतू नकोस," मास्तरीण एकदम म्हणाली. "तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते वाकडं होतं."

त्याचा हात हवेतच थांबला. "नकोस?"

"नका."

"नकोस चालेल."

 ती खाली बसली आणि हाताची पाठ पुढच्या चाकाजवळ, न लावता, धरली. गरम. मग दुसऱ्या बाजूचं. तेवढंच गरम. मागचं, गरम. चौथं, गरम. एखाद्या चाकाचा ब्रेक अडकला असता तर ते एकच तापलं असतं. हँडब्रेक राहिला असता तर फक्त मागची दोन तापली असती. चारही चाकं सारखीच गरम, याचा अर्थ एकच निघतो: कुणीतरी खालपासून ब्रेक दाबून धरलाय. आणि साबणवाल्याचा उजवा पाय तर इतका वेळ ॲक्सिलरेटरवर होता.

मास्तरीण हळूच आपल्या बाजूला आली. दार उघडलं. वाकून बघितलं.

तिच्या पायाशी असलेल्या ब्रेकवर तिच्या बुटाचा तळवा उमटला होता. पिवळ्या चिखलात, नक्षीसकट. सकाळपासून तिला एकदाही ब्रेक मारावा लागला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मामा होता.

"पोचलात का गं?"

"नाही अजून. जळका वास आला. चाकं तापलीयत."

"उंदीर," मामा म्हणाला. मामाच्या मते गाडीतल्या प्रत्येक बिघाडामागे उंदीर असतो. पंक्चरमागेसुद्धा. "वायर कुरतडली असेल."

"चारही चाकं तापलीयत, मामा."

"मग चार उंदीर."

मागून आईचा आवाज आला. आई मामाची धाकटी बहीण, आणि मामाच्या प्रत्येक फोनमध्ये तिचा निम्मा वाटा असायचा. "कोण, तो साबणवाला आहे का बरोबर? खाऊन निघालाय का तो? उपाशी माणसाला चक्कर येते म्हणावं घाटात."

"तू थांब गं," मामा म्हणाला. "हे बघ, ब्रेक जाम झाले असतील तर त्या गाडीत परीक्षा घेणारच नाहीत. उगाच धोका नको. मी गाडी ओढून आणायची सोय करतो. परीक्षा काय, पुढच्या महिन्यात देईल. काय, करू ना तसं? बोल पटकन."

मास्तरणीनं वर बघितलं. साबणवाला रस्त्याच्या कडेला उभा राहून बाटलीचं झाकण परत लावत होता. आट्या जुळत नव्हत्या. तो पुनःपुन्हा लावत होता. 'हो मामा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. परीक्षा पुढच्या महिन्यावर गेली असती, घाटापलीकडे ते दुसरं नाक गेलं असतं, आणि हे नाक इथंच राहिलं असतं. तिच्या शेजारच्या सीटवर, बाजाराच्या रस्त्यावर, आरशाच्या चुकीच्या कोनात. कुणाला कळलंही नसतं. ब्रेक खरंच तापलेले होते. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.

"अगं, बोल की."

"नको मामा," ती म्हणाली. "गाडीला काही झालेलं नाही. पाय होता."

"कसला पाय?"

"माझा. ब्रेकवर. खालपासून."



"म्हणजे उंदीर नाही?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"नाही, मामा."

"बरं," मामा खट्टू होऊन म्हणाला, आणि फोन ठेवला.

साबणवाल्याचं झाकण एव्हाना लागलं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं. घाटात ऐकू न येण्यासारखं काही नसतं. तो दोन पावलं जवळ आला, आणि भिडस्त माणसं करतात तसं त्यानं तिलाच सोपं होईल असं कारण शोधून दिलं.

"उतार होता म्हणून ठेवला असेल पाय."

"चढ होता."

"हो… चढ होता. मग मी वाकडीतिकडी चालवत असेन."

"नाही." ती गाडीच्या दाराला टेकली. "तुम्ही फार छान चालवत होतात."

"मग?"

"म्हणून तर."

वारा मधल्यामधे उभा राहिला. साबणवाल्यानं ते दोन शब्द, सकाळी नाकाखाली वडी धरावी तसे, डोळे जरा मिटून घेतले.

"हं," तो म्हणाला.

आणि 'हं' आणि 'अं' यांतला फरक आता परत दोन जणांना कळायला लागला.

"पाच महिने शिकवते मी तुला," ती पायाकडे बघत म्हणाली. आता तिची घसरण थांबेना. "मलाच पाय काढायला सांगायला कुणी नव्हतं. तुला तिकडे जायचंय. जायलाच पाहिजे. चांगलं काम आहे. मी मनापासून म्हणतेय, पण पाय… पाय ऐकत नाही. मला माहीतही नव्हतं तो काय करतोय."

"मॅडम," तो म्हणाला. "एक शंका आहे. अभ्यासातली."

"विचार."

"मी घाट चढून पलीकडे गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये गेलो, समजा. तर परत उतरताना कुठला गिअर?"

"दुसराच. ज्यात चढलास त्यातच."

"म्हणजे उतरता येतं."

"येतं की. न यायला काय झालं?"

"मग झालं तर. तुम्ही मला जायला शिकवलंत त्यातच यायला पण शिकवून झालंय. त्याचा वेगळा क्लास नसतो." त्यानं बाटली तिच्या हातात दिली. "शनिवारी कारखाना लवकर सुटतो. तिथं बसची पंचाईत आहे, पण माझ्याकडे गाडी असेल ना. आता ती असायला मला आज पास व्हायला लागणार… तेवढा तुमचा पाय काढला असतात तर."

ती हसली. मघापासून गालात धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं, आणि दरडीवरून परत आलं.

ब्रेक थंड होईपर्यंत दोघं कठड्यावर बसले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही; चाकांना हात लावून बघायचं निमित्त काढून दोघांनी एकाच चाकाला दोनदा हात लावला, एवढं मात्र झालं. मग गाडी निघाली. पाय पुन्हा भलतीकडे जाऊ नये म्हणून मास्तरीण सीटवर मांडी घालून बसली. शिकवणाऱ्यानं मांडी घालू नये असा नियम कुठे नाही, कारण कुणी अशी घालेल असं नियम करणाऱ्यांच्या मनात आलेलं नाही.

गाडी चढावर वाऱ्यासारखी निघाली. इतकी, की साबणवाल्याला पहिल्यांदा तिला आवरावं लागलं.

"वास?" मास्तरणीनं विचारलं.

त्यानं छोटा श्वास घेतला. "जळका गेला."

"आणि तो दुसरा?"

"तो वाढलाय," साबणवाला म्हणाला. "मांडी घातल्यानं असेल."

मैदानावर परीक्षा घेणारे साहेब ऊन नसतानाही छत्री घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता आणि तो त्यांनी नोकरीला लागतानाच घेतलेला असावा. ते गाडीत बसले. मास्तरीण बाहेर, शंकूंच्या शेजारी उभी राहिली. गाडी आठाच्या आकड्यात फिरत होती. प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय आपसूक दाबला जायला बघायचा, आणि प्रत्येक वेळी ती तो उचलून धरायची. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, एक बाई शंकूंना दाखवायला बगळा करतेय.

गाडी थांबली. छत्री बाहेर आली, मग साहेब आले.

"पास," साहेब म्हणाले.

यानंतरचं एक मिनिट आपण वगळू.

"डोळ्यांत काय गेलं?" साबणवाल्यानं जवळ येऊन विचारलं.

"धूर."

"ब्रेक केव्हाच थंड झालेत."

"मघाचा धूर आहे," मास्तरीण म्हणाली, आणि शंकू सोडून त्याची बाही धरली.

"इकडे सही करा," साहेब म्हणाले. "निकालाबद्दल काही हरकत असेल तर खिडकीवर लेखी द्या. तोंडी घेत नाही."

"आहे," साबणवाला म्हणाला.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा भाव पहिल्यांदा जागचा हलला. "तुम्ही पास झालात."

"तीच हरकत आहे."

खिडकीवरचं पेन सुतळीनं बांधलेलं होतं आणि सुतळी आखूड होती, त्यामुळे त्यानं वाकून, जवळजवळ नमस्कार घातल्यासारखं, लिहिलं. लिहून झाल्यावर कागद आधी तिच्यापुढे धरला. तिनं वाचला. पुन्हा वाचला. मग तीही त्या सुतळीपुढे वाकली, एका ठिकाणचा ऱ्हस्व दीर्घ केला, आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली.

साहेबांनी कागद घेतला, चष्मा लावला, आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, कसलाही चढउतार नसलेल्या आवाजात वाचायला सुरुवात केली:

"महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदारास आज मंजूर झालेला पक्का परवाना तात्काळ रद्द करून त्याऐवजी आजन्म शिकाऊ परवाना देण्यात यावा. शिकाऊ चालकाच्या शेजारी प्रशिक्षक असणे नियमाने बंधनकारक असल्यामुळे, खाली सही करणाऱ्या प्रशिक्षकांची त्या जागी कायमस्वरूपी, बदली अथवा निवृत्तीच्या तरतुदीशिवाय, नेमणूक करण्यात यावी. शनिवारी तसेच सर्व सुट्ट्यांच्या दिवशी घाटातील दोन्ही बाजूंची वाहतूक त्यांच्या सोयीने सोडण्यात यावी. आणि अर्जदारास गाडी उत्तम चालवता येते, ही बाब निर्णय घेताना विचारात घेण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."